झेरॉक्स, पाठपोट

बीडमध्ये झेरॉक्सला कुणी परकं मानत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयासमोर, न्यायालयाच्या फाटकापाशी, केज, अंबाजोगाई, परळी, गेवराईच्या तहसीलसमोर, जिथे सरकारी शिक्का असतो तिथे रस्त्याच्या पलीकडे ती असतेच. दुकान बहुधा पत्र्याचं. बाहेर 'पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, ऑनलाइन अर्ज' अशी पाटी, आत एक मशीन, एक स्टूल आणि वीज गेली की बंद पडणारा पंखा. दारात कायम पाचसहा माणसं. 'दादा, ह्याच्या दोन काढा, पाठपोट.' झाकण उघडतं, कागद काचेवर पालथा पडतो, हिरवा उजेड एका कडेहून दुसऱ्या कडेला सरकतो आणि ती बाहेर येते. पहिल्या क्षणी गरम असते. हातात घेतली की बोटाला काळं लागतं.

दिसायला साधी. रंग राखाडी आणि टोनर संपत आला असेल तर एका बाजूला फिकट पट्टी. मूळ कागदावर जे जे म्हणून घडलं ते सगळं तिच्या अंगावर उमटतं. जुनी घडी रेघ होऊन येते, चहाच्या कपाचा डाग काळं वर्तुळ होतो, स्टेपलरची भोकं ठिपके होतात. शिक्का अर्धवट उठलेला असेल तर अर्धवटच येतो. साहेबांनी समासात पेन्सिलीने घाईत काही लिहून ठेवलं असेल, तर तेही फिकट का होईना, उतरतं. मूळ कागद कपाटात राहतो, त्याच्यावर कुलूप असतं, कुलपाची किल्ली अव्वल कारकुनाकडे असते. झेरॉक्सला कुलूप नाही. ती पिशवीत, शर्टाच्या खिशात, शाळेच्या वहीत, डब्याच्या पिशवीच्या तळाशी, कुठूनही प्रवास करते. मूळ कागद जिथे होता तिथेच असतो, त्यामुळे ती निघून गेल्याचं कुणाला कळतही नाही.

तिचे दोन संसार आहेत. पहिला सगळ्यांना ठाऊक आहे. दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसाला सरकारकडून काहीही हवं असलं तरी आधी ती लागते: आधार, पासबुक, सातबारा, आठ-अ, रेशनकार्ड. पीकविम्याला ती, अनुदानाला ती, शिष्यवृत्तीला ती. एकाच माणसाच्या एकाच आधारकार्डाच्या किती झेरॉक्स एकाच तहसीलमध्ये पडून असतील, याचा हिशेब त्या तहसीललाही लागणार नाही. या संसारात ती मान खाली घालून वागते, जिथे लावाल तिथे लागते.

दुसरा संसार जेवणाच्या सुट्टीत सुरू होतो. कचेरीतला कुणी एक माणूस नस्तीतली तीन पानं घेऊन रस्ता ओलांडतो. ती कुणासाठी काढायची ते त्याने कितीतरी दिवस मनात घोळवलेलं असतं. दुकानदार काही विचारत नाही, एवढंच म्हणतो, 'मूळ काचेवर राहिलंय, घेऊन जा.' झेरॉक्सच्या दुकानातलं हे रोजचं वाक्य आहे. घाईत असलेला माणूस नक्कल उचलतो आणि मूळ विसरतो. सर्वांत जोखमीचा कागद काचेवर तसाच पडून राहिलेला पुढच्या गिऱ्हाइकाने पाहिला, असं घडू शकतं. म्हणून ज्याला हे काम नीट करायचं असतं तो झाकण दोनदा उचलून बघतो.

या दुसऱ्या संसारातल्या झेरॉक्सविषयी मला लिहायचं आहे. लोकांच्या पैशाचा, लोकांच्या जिवाचा प्रश्न ज्या कागदात दडला आहे आणि तो कागद दाबून ठेवला गेला आहे, त्याची ही नक्कल. माझं मत आधीच सांगतो. असा कागद बाहेर आला पाहिजे. पण बाहेर आला म्हणजे लगेच जसाच्या तसा छापलाच पाहिजे, असं मी मानत नाही. या दोन गोष्टींमध्ये जे काम आहे तेच खरं पत्रकाराचं काम, आणि ते झेरॉक्स करून देत नाही.

तिचा एक गुण आणि एक दोष एकाच जागी आहे. समोर ठेवलं ते ती तसंच सांगते. खरं ठेवा, खरं सांगेल. खोटं ठेवा, तेही तेवढ्याच निष्ठेने सांगेल. मूळ कागदावर खाडाखोड केली, व्हाइटनर लावून आकडा बदलला, तर मूळ हातात घेतल्यावर ते उजेडात दिसतं, बोटाला लागतं. झेरॉक्सवर ते सपाट होऊन जातं. दुसऱ्या पत्रावरची सही कापून चिकटवली असेल तरी हिच्यात ती बेमालूम बसते. म्हणून जाणता माणूस हिच्याशी बोलताना आधी तिला बाजूच्या गोष्टी विचारतो. जावक क्रमांक काय? त्याच्या आधीचं आणि नंतरचं पत्र कुठल्या तारखेचं? सही करणारा अधिकारी त्या तारखेला त्या खुर्चीवर होता, की महिनाभर आधीच त्याची बदली झाली होती? तारखेला रविवार तर नव्हता? पत्र ज्याला गेलं त्याच्याकडे पोच आहे का? कार्यालयात स्थळप्रत असणार, तिचा क्रमांक जुळतो का? आणि सगळ्यात शेवटी, ज्याच्याविरुद्ध कागद बोलतो त्या माणसाला विचारलं का, की बाबा रे, हे तुझंच का?

एवढं विचारलं नाही तर काय होतं, हे मराठी वृत्तपत्रांना आपल्या जन्माच्या दुसऱ्याच वर्षी कळलं होतं, असं 'केसरी'पुरतं तरी म्हणता येईल. 1881च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज तेव्हा वेडे ठरवले गेले होते, आणि त्यांचा छळ होतो आहे ही भावना महाराष्ट्रभर होती. कारभारी माधवराव बर्वे यांनी महाराजांविरुद्ध कट केल्याचं दाखवणारी काही पत्रं संपादकांपर्यंत आली. आगरकर आणि टिळक दोघेही पंचविशीतले. राजाचा जीव धोक्यात आहे, यापेक्षा मोठं लोकहित कोणतं असणार? त्यांनी छापलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि न्यायालयात ती पत्रं बनावट निघाली. 1882च्या जुलैमध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. जामिनासाठी जोतीराव फुल्यांनी खटपट केली होती, हे आवर्जून लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढे या मंडळींची तोंडं वेगवेगळ्या दिशांना झाली. डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून 26 ऑक्टोबरला दोघे सुटले. लोकांनी त्यांचं वाजतगाजत स्वागत केलं. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं.

त्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग कमी सांगितला जातो. 1883च्या डिसेंबरमध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत चौथे शिवाजी महाराज गेले. म्हणजे महाराजांच्या जिवाची काळजी खोटी नव्हती, पत्रं खोटी होती. खऱ्या अन्यायाच्या बाजूने खोटा कागद उभा राहिला, की अन्याय करणाऱ्याचीच सुटका सोपी होते. न्यायालयात चर्चा कागदाची होते आणि अन्याय बाजूला पडतो. त्या काळी झेरॉक्स नव्हती, हाताने उतरवलेल्या नकला होत्या. पण तिच्या घराण्याचा मूळपुरुष शोधायचा तर मी त्या पत्रांपाशी जाईन.

घराण्यात अभिमानाच्या जागाही आहेत. 1981च्या ऑगस्टअखेरीस 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरींनी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांच्या प्रतिष्ठानांना मिळालेल्या देणग्या आणि सिमेंटचं वाटप यांची सांगड कागदोपत्री घालून दाखवली. उच्च न्यायालयाच्या निकालानंतर, 1982च्या जानेवारीत अंतुल्यांना जावं लागलं. त्याच्या आधी अमेरिकेत डॅनिएल एल्सबर्ग नावाच्या माणसाने व्हिएतनाम युद्धाविषयीचा सात हजार पानांचा गुप्त अहवाल 1969मध्ये रात्री जागून मशीनवर काढला. एका मित्राच्या मैत्रिणीच्या जाहिरात कंपनीच्या कचेरीत, पानामागून पान. त्याचा तेरा वर्षांचा मुलगा मदतीला होता. 1971च्या जूनमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो छापायला सुरुवात केली, सरकार न्यायालयात गेलं आणि हरलं. आपल्याकडे राफेल विमानखरेदीच्या प्रकरणात 'द हिंदू'ने छापलेले संरक्षण खात्यातले कागद चोरीचे आहेत, ते बघूच नका, असं सरकारने सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं. 10 एप्रिल 2019ला न्यायालयाने तो आक्षेप फेटाळला. तिथेही त्या अमेरिकी निकालाचा दाखला निघाला. पुढे नोव्हेंबरमध्ये पुनर्विचार याचिका फेटाळल्या गेल्या, हेही सांगायला हवं. कागद बघायचा की नाही आणि कागदातून गुन्हा दिसतो की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. झेरॉक्स पहिल्या दारापर्यंत नेऊन सोडते.

खेड्यापाड्यात तिचं सगळ्यात मोठं काम झालं ते मस्टरच्या बाबतीत. 1972च्या दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमी दिली आणि रोजगार हमीने मस्टर दिलं. त्यात नाव, हजेरी, अंगठा, रक्कम. मस्टर कचेरीत असतं तोवर ते सरकारी असतं. त्याची झेरॉक्स गावात पोचली की ते गावाचं होतं, कारण त्यातली माणसं गाव ओळखतं. मयत झालेल्याचं नाव वाचलं जातं. सगळे अंगठे एकाच अंगठ्याचे दिसतात. आमच्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट असते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि हंगाम संपून पट्टा पडल्यावर परततात. असा माणूस कारखान्याच्या फडात असताना त्याच महिन्यात गावच्या नालाबांधावर त्याची हजेरी लागलेली दिसली, तर गावाला पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही. राजस्थानात 1994मध्ये कोटकिराणा गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने असेच कागद लोकांसमोर मोठ्याने वाचले. तेव्हा माहितीचा अधिकार नव्हता. एका सज्जन अधिकाऱ्याने कागद बघू दिले, म्हणून ती जनसुनावणी होऊ शकली. त्या वाचनातून पुढे देशाचा कायदा उभा राहिला. महाराष्ट्राने 2002मध्ये स्वतःचा केला आणि 2005मध्ये केंद्राचा आला. आज दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करता येतो आणि पानाला दोन रुपये भरून सरकारच तिला आपल्या हाती देतं. मागल्या दाराने येणाऱ्या झेरॉक्सची ही पुढच्या दाराने येणारी बहीण आहे, आणि ज्या कचेरीत पुढचं दार खरोखर उघडं असतं तिथे मागल्या दाराची गरज कमी पडते.

आता मार्च 2025कडे वळतो. त्या दिवसांवर इथे थांबायलाच हवं.

केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं 9 डिसेंबर 2024ला अपहरण झालं आणि त्यांचा छळ करून खून झाला. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीच्या आड ते आले, असं तपास यंत्रणेचं म्हणणं. महिनाअखेरीस बीडमध्ये मोठा मोर्चा निघाला. खंडणी प्रकरणातला आरोपी वाल्मीक कराड 31 डिसेंबरला पुण्यात सीआयडीला शरण आला. तो तेव्हाचे मंत्री धनंजय मुंडे यांचा निकटवर्ती म्हणून जिल्ह्याला माहीत होता. त्याच दिवसांत सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानियांनी बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांचा आकडा लोकांपुढे ठेवला: बाराशेहून अधिक. तो काही कुणाच्या तिजोरीतला गुपित कागद नव्हता, कचेरीतल्या यादीतला आकडा होता. पण यादी बाहेर आल्यावरच आपण कोणत्या जिल्ह्यात राहतो ते महाराष्ट्राला नीट दिसलं, आणि मग परवाने तपासण्याचं, रद्द करण्याचं काम सुरू झालं.

फेब्रुवारीच्या अखेरीस सीआयडीने हजाराहून अधिक पानांचं दोषारोपपत्र न्यायालयात दाखल केलं. छळ करताना आरोपींनी स्वतःच मोबाइलवर केलेलं चित्रीकरण त्यात पुरावा म्हणून होतं. 3 मार्चला त्यातली छायाचित्रं माध्यमांच्या हाती आली आणि रात्रीतून घराघरात पोचली. दुसऱ्या दिवशी बीड बंद होतं. त्याच दिवशी, 4 मार्चला धनंजय मुंडे यांनी राजीनामा दिला.

हा क्रम नीट बघा. खून डिसेंबरात. दोषारोपपत्र दाखल झालं तेव्हा त्यात काय आहे हे तपास यंत्रणेला माहीत होतं. तीन महिने मोर्चे, विधिमंडळातले प्रश्न, कुटुंबाचे अर्ज-विनंत्या चालू होत्या आणि राजीनामा होत नव्हता. कागदांच्या त्या गठ्ठ्यातली मोजकी पानं बाहेर आली आणि एका दिवसात तो झाला. मुंड्यांनी प्रकृतीचं कारण दिलं, छायाचित्रं पाहून मन व्यथित झाल्याचंही म्हटलं. जे शासनाच्या दप्तरात आधीच होतं ते लोकांनी पाहिल्यावर शासन हललं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी म्हणेन की तो कागद बाहेर येणं लोकहिताचं होतं. कायद्याने दोषारोपपत्र हा सगळ्यांसाठी खुला दस्तऐवज नाही. 20 जानेवारी 2023ला सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट सांगितलं आणि दोषारोपपत्रं संकेतस्थळावर टाकण्याची मागणी नाकारली. त्यात आरोपीच्या हक्कांचा आणि पीडिताच्या खासगीपणाचा विचार आहे आणि तो योग्य आहे. आरोप सिद्ध करण्याचं काम न्यायालयाचंच आहे, चौकातल्या फलकाचं नाही.

पण ती छायाचित्रं ज्या तऱ्हेने दाखवली गेली, ते मला आजही पटत नाही. मस्साजोगच्या एका घरात आई, पत्नी, मुलं, भाऊ होते. आपल्या माणसाचे शेवटचे क्षण त्यांना रस्त्यातल्या प्रत्येक मोबाइलवर बघावे लागले. चित्र धूसर केलं, चेहरा झाकला म्हणून कुटुंबाला ते कळत नाही असं थोडंच आहे. लोकांना जे कळायला हवं होतं ते असं: छळ झाला, किती वेळ झाला, करणारे हसत होते, चित्रीकरण त्यांनीच केलं, आणि हे सगळं दप्तरात नोंदलेलं आहे. हे शब्दांत सांगता येत होतं. जबाबदार बातमीदार ते दोषारोपपत्राच्या पानांवरून, आपल्या डोळ्यांनी चित्र पाहून आणि चित्र स्वतःजवळ ठेवून सांगू शकला असता. कुणी म्हणेल, शब्दांनी राजीनामा झाला नसता. शक्य आहे. तसं असेल तर दोष आपल्या सगळ्यांच्या कानांचा आहे, त्या घराने त्याची किंमत का मोजावी? कुटुंबाला विचारून, त्यांनी हो म्हटलं तर दाखवणं, ही एक वाट होती. त्या रात्री ती वाट धरायला कुणी थांबलं नाही, कारण दुसरी वाहिनी थांबणार नव्हती.

याच जिल्ह्यात वेगळंही घडलं आहे. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या जातात, हे 2019मध्ये बातम्यांतून पुढे आलं. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचं आढळलं. आकडे देशभर गेले. कोणत्या बाईची पिशवी कोणत्या गावी निघाली, ती यादी गेली नाही. दवाखान्याच्या केसपेपरच्या झेरॉक्स जर कुणी गावाच्या ग्रुपवर टाकल्या असत्या, तर पुढच्या एकाही बाईने तोंड उघडलं नसतं. कचेरीची चूक आणि बाईचं दुखणं एकाच कागदावर असतं. छापणाऱ्याने कात्री तिथे चालवायची असते. मस्टर छापताना बँकेचा खाते क्रमांक झाकायचा. लाभार्थ्यांची यादी छापताना आधार क्रमांक काळा करायचा. ज्याच्या नावावर कुणीतरी पैसे उचलले तो बिचारा मजूर बातमीचा विषय नसतो, उचलणारा असतो.

आणि जो तिला घेऊन रस्ता ओलांडून आला, त्याचं काय?

झेरॉक्स स्वतः बोलत नाही, पण तिच्या अंगावर कुणी तिला काढलं याच्या खुणा राहतात. एखाद्या पत्राच्या चारच प्रती निघाल्या आणि त्यातल्या एकीवर साहेबांनी समासात टिंब दिलं होतं, तर छापलेल्या चित्रातलं ते टिंब बघून कचेरीत पाच मिनिटांत नाव निघतं. मशीनच्या काचेवर ओरखडा असेल तर तो प्रत्येक पानावर त्याच जागी येतो. कितीतरी रंगीत लेझर प्रिंटर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके कागदावर उठवतात आणि त्यावरून मशीन ओळखता येतं. आता तर ती कागदावर राहिलीच नाही. मोबाइलने फोटो काढला की ती पीडीएफ होते, आणि त्या फाइलच्या पोटात वेळ, फोनचं मॉडेल, कधी कधी जागाही असते. म्हणून कागद देणाऱ्याचा जीव मोलाचा वाटतो तो संपादक कागदाचं चित्र छापत नाही. मजकूर पुन्हा लिहून काढतो, क्रमांक आणि तारखा वेगळ्या मार्गाने पडताळतो, शक्य असेल तर तोच कागद माहितीच्या अर्जातून पुन्हा मागवतो आणि मग ती अधिकृत प्रत दाखवतो. वेळ जातो. पण कचेरीतल्या त्या माणसाची नोकरी, बदली, कधी कधी प्राण त्या वेळेवर अवलंबून असतो.

प्राण हा शब्द मी जपून वापरतो आहे. तळेगावचे सतीश शेट्टी जमिनींच्या व्यवहारांचे कागद मागत होते. 13 जानेवारी 2010ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आमच्या बीड जिल्ह्यातले विठ्ठल गिते मारहाणीत गेले. गावातल्या शिक्षणसंस्थेच्या कारभारातल्या गैरप्रकारांना त्यांनी माहिती अधिकारातून तोंड फोडलं होतं. हे दोघेही पुढच्या दाराने, कायद्याने दिलेला अर्ज घेऊन गेले होते. मागल्या दाराने कागद देणाऱ्या कारकुनाला तर कायद्याचा तेवढाही आधार नाही. प्रेस कौन्सिलच्या 1978च्या कायद्यात कौन्सिलपुढच्या चौकशीत पत्रकाराला बातमीचा स्रोत सांगायला भाग पाडता येत नाही, अशी तरतूद आहे. न्यायालयापुढे आणि पोलिसांपुढे तशी ढाल नाही. 1923चा शासकीय गुपितांचा कायदा अजून जिवंत आहे. माहिती अधिकाराच्या कलम 8(2)ने त्याच्यावर मात केली आहे: लोकहिताचं पारडं जड असेल तर गुपितांच्या कायद्यातलीही माहिती देता येते, असं ते कलम म्हणतं. पण ते अर्ज करणाऱ्यासाठी आहे. कागद उचलून देणाऱ्यासाठी वेगळा कायदा लागतो.

त्या दिशेने जाणारा एक कायदा झालेला आहे. गैरव्यवहार उघड करणाऱ्या जागल्यांना संरक्षण देणारा हा कायदा संसदेने 2014मध्ये मंजूर केला, त्यावर राष्ट्रपतींची सहीही झाली. अंमलबजावणीची तारीख मात्र जाहीर झाली नाही, आणि तारीख नाही म्हणून कायदा लागू नाही. दरम्यान 2023च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं 8(1)(ञ) हे कलम बदललं आणि त्या कलमातला लोकहिताचा अपवाद काढून टाकला. म्हणजे पुढचं दार अरुंद झालं आणि मागल्या दाराने येणाऱ्याला संरक्षण नाही. अशा वेळी मस्टरवरची नावं 'व्यक्तिगत' म्हणून नाकारली गेली, तर गावाने कुणाला विचारायचं?

हे वाचणाऱ्यांत कचेरीत काम करणारे असतील, बातमीदार असतील, ज्यांच्या मोबाइलवर उद्या एखादी पीडीएफ येईल असे तर सगळेच आहेत. कागद आला तर तो आधी पुढे ढकलू नका, वाचा. जावक क्रमांक बघा, तारीख बघा, ज्याच्याविषयी आहे त्याला विचारा. ज्यांचं नाव त्यात विनाकारण आलं आहे त्यांना झाका. देणाऱ्याचं नाव स्वतःच्या घरातही उच्चारू नका. आणि आपल्या मतदारसंघाचा खासदार पुढच्या वेळी गावात आला, की सत्कार होण्याआधी त्याला विचारा: 2014चा तो कायदा लागू करण्याची तारीख कधी जाहीर होणार? उत्तर लेखी मागा, आणि त्याच्या झेरॉक्स काढून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.